न हललेला काटा

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)

आमच्या मंठ्यात मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एकच समज होतो. पोरगं गुप्तधन शोधतंय! दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा प्रोजेक्ट पार्टनर आमच्या शेतात दोन दिवस फिरलो, तर तिसऱ्या दिवशी बांधावर आठ-दहा माणसं जमली. हंडा लागला का, असं प्रत्येकाने विचारून झालं. एका काकांनी तर कायदाच सांगितला. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं म्हणे. (कायदा खरा आहे बरं का, १८७८ सालचा आहे!)

पण आम्ही धन शोधत नव्हतो. आम्ही आकाशातून पडलेला दगड शोधत होतो. शास्त्रात त्याला अशनी म्हणतात, आपण सगळे उल्काच म्हणतो, मीही इथे तेच म्हणणार आहे.

हे वेड लोणारमुळे लागलं. मंठ्याहून तळणीमार्गे लोणारला जाता येतं. तिसरी-चौथीत असताना आजोबांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं. पावणेदोन किलोमीटरपेक्षा जास्त रुंद असा तो प्रचंड खड्डा, खाली हिरवट पाणी, काठावर जुनी देवळं. आजोबा म्हणाले की इथं आकाशातून एक मोठा दगड पडला. मी विचारलं, मग तो दगड कुठंय? आजोबांनी बोटाने खाली पाण्याकडे दाखवलं. असेल खाली, गाडला गेला असेल. शाळेत गुरुजींना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. त्यामुळे इंजिनिअरिंगला येईपर्यंत माझी पक्की समजूत होती की लोणारच्या तळाशी एक भला मोठा दगड आहे आणि कुणीतरी नीट शोधलं तर तो सापडेल.

फायनल इयरला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी मेटल डिटेक्टर घेतला. सर्किट जुनंच आहे, सिनिअर्सनी अनेकदा केलेलं. दोन ऑसिलेटर, दोन्ही जवळपास १०० किलोहर्ट्झवर. एकाची कॉइल म्हणजे पाईपच्या टोकाला बसवलेली मोठी रिंग, दुसरा डब्यात बंद. दोघांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक हेडफोनमध्ये शिट्टीसारखा ऐकू येतो. रिंगखाली धातू आला की फ्रिक्वेन्सी सरकते आणि शिट्टी बदलते. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तार आणली, हॉस्टेलच्या रूमवर गुंडाळली, पार्टनरच्या पलंगाचा पाय आधी सापडला!

लोणारचं सरोवर अभयारण्यात आहे, तिथं असलं काही न्यायचं नाही आणि उकरायचं तर मुळीच नाही. म्हणून आम्ही आमच्याच शेतात चाचणी घेतली. मनात आशा होती की लोणारपासून उडालेलं एखादं काहीतरी इकडं पडलं असेल. सापडलं काय? फाळाचं मोडकं टोक, बैलाचे दोन नाल, खिळे, बाटलीची बुचं आणि एक घुंगरू. शिवाय आपला काळा दगड. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे काही दगडांवरही शिट्टी बदलायची. दोनदा तर आम्ही मोठ्या आनंदाने खड्डा खणला आणि खालून साधा धोंडा निघाला.

मग आम्ही किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन आणलं आणि वेगवेगळ्या खोलीवर पुरून पाहिलं. १५ सेंटिमीटरला जोरदार सिग्नल. ३० ला कान देऊन ऐकलं तर कळेल इतका. ४५ ला काही नाही. ६० ला काही नाही. आमच्या सिनॉप्सिसमध्ये मात्र आम्ही लिहून ठेवलं होतं की यंत्र एक मीटरपर्यंत चालेल!

आता खरं सांगतो. हॉस्टेलवर परत आल्यावर रिपोर्टच्या टेबलमध्ये मी ४५ आणि ६० समोर आकडे भरले होते. थोडे कमी, थोडे तिरके, खरे वाटतील असे. असं करणारा मी पहिला नाही हे वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री पहिला चॅप्टर लिहायचा होता, गाडलेल्या उल्का शोधण्याचा इतिहास. तो वाचता वाचता मला डॅनियल मोरो बॅरिंजर भेटले. त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

बॅरिंजर यांचा जन्म २५ मे १८६० चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रॅले या गावी. वडील अमेरिकेच्या संसदेत होते, स्पेनमध्ये राजदूतही होते. पण मुलगा लहान असतानाच ते वारले. हुशार मुलगा १९ व्या वर्षी प्रिन्स्टनमधून पदवीधर झाला, पुढं वकील झाला. वकिलीत मन रमेना. मग पुन्हा विद्यार्थी होऊन त्यांनी हार्वर्ड आणि व्हर्जिनिया इथं भूशास्त्र व खनिजशास्त्र शिकून घेतलं. आपल्याकडे ब्रँच चेंजला पहिल्या वर्षानंतर संधी असते, या माणसाने ब्रँच बदलली ती वकिलीची सनद खिशात असताना! कायदा आणि खाण या दोन्ही गोष्टी येणारा माणूस तेव्हा दुर्मीळ होता. खाणींच्या कायद्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. ॲरिझोनामध्ये पिअर्स या ठिकाणी चांदीची कॉमनवेल्थ खाण त्यांनी भागीदारीत घेतली आणि त्यातून ते श्रीमंत झाले. लग्न झालं, पुढं आठ मुलं झाली. माणूस सुखात होता.

१९०२ साली कुणाशी तरी गप्पा मारताना त्यांना ॲरिझोनातल्याच एका विचित्र खड्ड्याबद्दल कळलं. सपाट माळरानावर १.२ किलोमीटर रुंद आणि १७० मीटरहून जास्त खोल असा गोल खड्डा, आणि भोवती मैलोन् मैल लोखंडाचे तुकडे पसरलेले. त्या लोखंडात सुमारे ७ टक्के निकेल होतं. पृथ्वीवरच्या खाणीतलं लोखंड असं नसतं. म्हणजे ते वरून आलेलं. बॅरिंजर यांनी हिशोब मांडला. एवढा खड्डा पडला म्हणजे पडणारी वस्तू प्रचंड असणार. ती लोखंडाची आहे. आणि ती खालीच आहे! त्यांचा अंदाज १ कोटी टनांपर्यंत गेला.

त्यांनी खड्डा अजून पाहिलासुद्धा नव्हता. तरी १९०३ मध्ये मित्र बेंजामिन टिल्घमन यांच्यासोबत स्टँडर्ड आयर्न कंपनी काढली आणि जागेवर खाणीचा हक्क घेतला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या खड्ड्याची तपासणी आधीच झाली होती. १८९१ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याचे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट तिथं गेले होते. गिल्बर्ट म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. त्यांनी दोन कसोट्या लावल्या. पहिली, खाली लोखंड गाडलेलं असेल तर त्याने खड्ड्यातली जागा व्यापली असणार, म्हणजे काठावर फेकलेली माती खड्ड्यात मावणार नाही, उरेल. दुसरी, एवढं लोखंड जवळ असेल तर चुंबकसूचीचा काटा हलेल. मोजमाप केलं. माती खड्ड्याइतकीच भरली. काटा हलला नाही. गिल्बर्ट यांनी निष्कर्ष काढला की खाली लोखंड नाही, म्हणजे उल्का पडलीच नाही. जमिनीखालच्या वाफेचा स्फोट झाला असावा आणि लोखंडाचे तुकडे तिथं योगायोगाने पडले असावेत. हा निबंध १८९६ साली छापून आला, आणि गंमत म्हणजे त्यात गिल्बर्ट यांनी अशाच दिसणाऱ्या आपल्या लोणारचाही उल्लेख केला आहे. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच! आमच्या शेजारचं लोणार, सव्वाशे वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या निबंधात!

बॅरिंजर यांना गिल्बर्ट यांचं म्हणणं पटलं नाही. त्यांनी स्वतः काम सुरू केलं, आणि काम किती कसून केलं! काठावरचे खडकाचे थर उलटे झालेले त्यांनी दाखवले, म्हणजे खालचा थर वर आणि वरचा खाली. वाळूच्या दगडाचं पिठासारखं चूर्ण लाखो टनांनी सापडलं, ते प्रचंड आघाताशिवाय होत नाही. उल्केचे तुकडे त्या फेकलेल्या मातीत मिसळलेले होते, म्हणजे दोन्ही एकाच वेळी पडले. ज्वालामुखीचा दगड तिथं कुठंच नव्हता. १९०६ मध्ये त्यांनी आणि टिल्घमन यांनी हे पुरावे फिलाडेल्फियाच्या अकादमीपुढे मांडले. पण शास्त्रज्ञांनी फारसं लक्ष दिलं नाही. एक तर गिल्बर्टसारख्या माणसाने निकाल दिलेला, आणि हा तर खाणवाला, याला लोखंड विकायचंय.

लोखंड सापडलं तरच लोक मानतील, असं बॅरिंजर यांनी ठरवलं. मला वाटतं इथंच त्यांच्या आयुष्याचा काटा सरकला. खड्डा उल्केमुळे झाला हे सिद्ध करणं आणि खालचं लोखंड काढणं, या दोन वेगळ्या गोष्टी त्यांच्या मनात एकच होऊन बसल्या.

१९०८ पर्यंत खड्ड्याच्या तळाशी २८ बोअर घेतले. मोठा गोळा कुठंच नाही. मग त्यांच्या लक्षात एक सुंदर गोष्ट आली. चिखलात रायफलची गोळी तिरकी मारली तरी भोक गोलच पडतं! म्हणजे खड्डा गोल आहे म्हणून उल्का सरळ वरून आली असं नाही. ती तिरकी आली असेल आणि कडेच्या खाली गेली असेल. दक्षिणेकडची कड सगळ्यात जास्त उचललेली होती, म्हणून दक्षिणेला खणायचं ठरलं. स्वतःचा पैसा संपत आला होता. दुसऱ्या एका मोठ्या खाण कंपनीला पटवलं. १९२२ च्या सुमारास दक्षिण काठावरचा बोअर १३७६ फुटांवर, म्हणजे सुमारे ४२० मीटरवर जाऊन अडकला. ड्रिल पुढं जाईना. बॅरिंजर यांना वाटलं, लागलं लोखंड! कंपनीला वाटलं, पुरे झालं. १९२६ मध्ये नवी कंपनी, नवे भागधारक, नवी विहीर. त्या विहिरीत पाणी लागलं आणि उपसून उपसून माणसं थकली.

घरदार, चांदीच्या खाणीतून मिळालेलं धन, सगळं या खड्ड्यात चाललं होतं. २७ वर्षांत एकूण ६ लाख डॉलरच्या वर खर्च झाला, त्या काळचे ६ लाख!

१९२९ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी आणखी पैसा ओतण्याआधी एका खगोलशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला. त्यांचं नाव फॉरेस्ट रे मोल्टन. मोल्टन यांनी जमीन खणली नाही, गणित केलं. आपल्या फर्स्ट इयरचंच गणित आहे, अर्धा एम व्ही वर्ग. उल्का सेकंदाला १२ किलोमीटर वेगाने आली असं धरा. एका किलोमागे ७ कोटी २० लाख ज्यूल होतात. टीएनटीच्या एका किलोत सुमारे ४२ लाख ज्यूल असतात. म्हणजे त्या लोखंडाचा प्रत्येक किलो सतरा किलो टीएनटीसारखा फुटणार! अशी वस्तू खिळ्यासारखी जमिनीत रुतून बसत नाही. आदळल्या क्षणी तिचाच स्फोट होतो, बरीचशी वितळते, वाफ होते, उरलेले तुकडे दूर उडतात. मोल्टन यांचा निष्कर्ष होता की उल्का फार तर ३ लाख टनांची असेल आणि तिच्यातलं खाली खणून काढण्यासारखं काहीच उरलेलं नसेल.

बॅरिंजर यांनी हरकती घेतल्या, इतर जाणकारांना विचारलं. नोव्हेंबरमध्ये मोल्टन यांचा दुसरा, सव्वाशे पानांचा अहवाल आला. तोही तेच सांगत होता. महिनाभरापूर्वीच अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला होता, नवा पैसा मिळण्याची आशाही संपली होती. ३० नोव्हेंबर १९२९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने बॅरिंजर गेले. वय ६९.

हे वाचून मी बराच वेळ टेबलावर तसाच बसलो. रात्रीचे दोन वाजले होते, समोर माझं टेबल उघडं होतं, भरलेल्या आकड्यांसकट.

विचार करा, न हललेला काटा खरंच बोलत होता. खाली लोखंड नव्हतं! गिल्बर्ट यांचं रीडिंग बरोबर होतं. पण त्यांनी त्यातून उल्का पडलीच नाही असा अर्थ काढला, तो चुकला. बॅरिंजर यांचा निष्कर्ष बरोबर होता, उल्का पडली होती. पण त्यांनी काट्याचं ऐकलं नाही, ते चुकलं. आणि दोघांची चूक मुळात एकच होती. पडलेली वस्तू आहे तशी जमिनीत बसून राहते, हे दोघांनीही न तपासता धरलं होतं. आजोबांनी आणि मीसुद्धा तेच धरलं होतं. यंत्राला आपण जे विचारतो तेवढंच ते सांगतं. लोखंड आहे का? नाही. एवढंच. पुढचं सगळं आपलं.

बॅरिंजर गेल्यानंतरची गोष्टही ऐका. १९३९ मध्ये हार्वे नायनिंजर नावाचे संशोधक त्याच खड्ड्याभोवती गाडीमागे चुंबक लावलेला दाताळा ओढत फिरले. वरच्या मातीतच त्यांना लोखंडाचे बारीक कण मिळाले, ठिकठिकाणी. पुढं १९४६ मध्ये वाफेचे थेंब गोठून झालेल्या बारीक गोळ्या मिळाल्या. बॅरिंजरसाहेब जे ४०० मीटर खाली शोधत होते, ते धूळ होऊन त्यांच्या बुटाखाली होतं. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांनी तिथं कोएसाइट हे खनिज दाखवलं. ते व्हायला प्रचंड दाब लागतो. आघाताचा वाद तिथं मिटला. आता जगभर त्या खड्ड्याला बॅरिंजर यांचं नाव आहे, चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या एका विवरालाही आहे. जागा अजून त्यांच्या कुटुंबाकडे आहे. लोणारचा पुरावाही अशाच मार्गाने मिळाला. आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियनने मिळून बोअर घेतले, त्यातल्या खडकात आघाताने झालेली काच सापडली आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उल्केचा मोठा तुकडा तिथंही मिळाला नाही.

मग मेटल डिटेक्टरचा उपयोग काय, असं माझ्या पार्टनरने विचारलंच. उपयोग आहे! हाताने फिरवायच्या डिटेक्टरचं पेटंट गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये मिळालं, म्हणजे बॅरिंजर यांच्यानंतर. तो मिळाला असता तरी ४०० मीटरसाठी निरुपयोगीच. रिंगच्या आकारापेक्षा लांब गेलं की सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, अंतर दुप्पट तर सिग्नल ६४ पट कमी. पण छोट्या उल्का हवेत वेग गमावतात आणि खरोखरच जमिनीत उथळ रुतून बसतात. तिथं डिटेक्टर चालतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ब्रेनहॅम इथं १९४९ मध्ये एच. ओ. स्टॉकवेल यांनी डिटेक्टरने सुमारे ४५० किलोची उल्का काढली. त्याच परिसरात २००५ मध्ये सुमारे ६५० किलोची मिळाली, जेमतेम दोन मीटर खाली. म्हणजे कुठं शोधायचं हे आधी डोक्याने ठरवायचं, मग रिंग फिरवायची.

त्या रात्री मी ४५ आणि ६० समोरचे आकडे खोडले आणि शून्य लिहिलं. सिनॉप्सिसमधला एक मीटरचा दावा चुकला, असं एक वाक्यही लिहिलं. पार्टनर चिडला, त्याचे पण मार्क होते ना! दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. मग त्यानेच सहाव्या घाताचा ग्राफ काढला आणि आमची शून्यं त्यावर नेमकी बसतात हे दाखवलं. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी सगळ्यात जास्त वेळ त्या शून्यांवरच विचारलं. मार्क फार आले असं नाही, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देता आलं. बनवलेल्या आकड्यांवर एकही देता आलं नसतं.

तरी बॅरिंजर यांना वेडा ठरवू नका, असं मला ज्युनिअर्सना सांगावंसं वाटतं. लोखंडाच्या हट्टापायी त्यांचं सगळं गेलं हे खरं. पण तो हट्ट नसता तर कुणी २८ बोअर घेतले असते, कुणी थर मोजले असते? ते हरले ते त्यांनी स्वतः लावलेल्या पैजेत. शास्त्राच्या पैजेत ते जिंकले, फक्त ते पाहायला उरले नाहीत.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजोबांना सगळं सांगितलं. लोणारच्या पाण्याखाली दगड नाही, त्याची वाफ झाली, धूळ झाली, सगळीकडे पसरली. आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, म्हणजे आपल्या रानातपण थोडा असेल? मी म्हटलं, नाही सांगता येत आजोबा, आपल्या यंत्राला तेवढं कळत नाही.

डिटेक्टर आता घरीच ठेवलाय. परवा बाबांचा फोन होता. ट्रॅक्टरची पिन रानात पडली होती, ती पाच मिनिटांत सापडली म्हणाले.